बालचित्रगीतांचे दोन श्रोते

मराठी चित्रपटांतील बालगीतांना सुरुवातीपासून दोन श्रोते आहेत: मूल, आणि त्याला मांडीवर घेऊन बसलेले मोठे माणूस. मुलाला पाठ व्हावे आणि मोठ्यालाही पुन्हा ऐकावेसे वाटावे, असे गाणे करणे सोपे नसते. शब्द कुणाचे, चाल किती पसरू द्यायची आणि गायचे कुणी, हे तिन्ही प्रश्न नीट सोडवावे लागतात. गेल्या सत्तर वर्षांत त्यांची उत्तरे बदलत गेली. परभणी जिल्ह्यासारख्या, पुण्या-मुंबईपासून दूरच्या भागात हा बदल चांगला टिपता येतो, कारण येथे चित्रपट बहुधा मागून आला आणि त्यातले गाणे आधी पोचले.

आई आणि मूल यांनी एकच गाणे आपापल्या परीने ऐकण्याची रीत येथे चित्रपटाहून फार जुनी आहे. परभणी जिल्ह्यातले गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. जनाबाईंच्या एका प्रसिद्ध अभंगात विठ्ठल लेकुरवाळा होऊन येतो. कुणी त्याच्या खांद्यावर, कुणी कडेवर, कुणी करंगळी धरून चाललेले. लहान मुलाला त्यात पोरांची गर्दी दिसते आणि मजा वाटते. त्या पोरांची नावे संतांची आहेत आणि त्यांत सगळ्या जातींची माणसे आहेत, हे मोठ्याला कळते. जात्यावरच्या ओवीचेही तसेच होते. दळणाऱ्या बाईच्या मांडीवर मूल डुलत झोपी जाई आणि ओवीत मात्र तिचे माहेर, तिचा भाऊ, सासरचा जाच असे सगळे येऊन जाई. मुलाला लय, आईला अर्थ, अशी ही वाटणी ठरून गेलेली होती. मराठी बालचित्रगीते चांगली निघाली तेव्हा त्यांनी हीच वाटणी उचलली.

या प्रवासात १९५३ हे वर्ष मोठे आहे. राम गबाले यांनी दिग्दर्शित केलेला ‘देवबाप्पा’ आणि आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ हे दोन्ही चित्रपट त्या एकाच वर्षी आले. ‘देवबाप्पा’ची गीते ग. दि. माडगूळकरांची, संगीत पु. ल. देशपांडे यांचे. त्यातले ‘नाच रे मोरा’ आशा भोसले यांनी गायले. चित्रपटाची कथा आज सांगू शकणारी माणसे विरळाच, पण गाणे येत नाही असे मराठी घर शोधावे लागेल. पुलंची ओळख पुढे विनोदी लेखक म्हणून झाली, तरी पेटीवर बसणारे आणि चाली बांधणारे पुलं त्याआधीचे आहेत, हे या गाण्यावरून ध्यानात येते.

या गाण्याची बांधणी जवळून पाहण्यासारखी आहे. धृपद अगदी आखूड आहे आणि त्यात एक सरळ आज्ञा आहे. मोराला नाचायला सांगितले आहे. मुलांना आज्ञा ऐकायला आवडत नाही, सोडायला आवडते. प्रत्येक कडव्यात पावसाचे एक छोटे चित्र येते: ढग, वीज, झाडांची पाने, तळे. चित्र पुरे होते न होते तोच धृपद परत येते. कडवी पाठ नसलेले मूल धृपदापाशी थांबून राहते आणि ते आले की जोरात सामील होते. म्हणजे पूर्ण गाणे येत नसतानाही गाण्यात जागा मिळते. मोठ्या माणसाला त्यातच माडगूळकरांची कारागिरी दिसते. एकही जोडाक्षर जिभेला अडत नाही, एकही शब्द पोरकट नाही, आणि पावसाची सर मात्र डोळ्यांसमोर उभी राहते. ज्या प्रदेशात आषाढ कोरडा गेला तर दुबार पेरणीची धास्ती पडते, तेथे पावसाचे गाणे म्हणणाऱ्या मुलाकडे घरातले मोठे जरा वेगळ्या नजरेने पाहत असणार, हे उघड आहे.

‘श्यामची आई’ साने गुरुजींच्या पुस्तकावरून निघाला. गुरुजींनी ते पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले होते. चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, तेही ते पदक देण्यास सुरुवात झाली त्याच वर्षी. संगीत वसंत देसाई यांचे होते. आई आणि मूल दोघांनी एकत्र बसून रडावे असा हा चित्रपट. पण त्यात ‘छडी लागे छम छम’ हे शाळेतले खट्याळ गाणेही आहे, आणि मुलांनी उचलले ते हेच. मास्तरांच्या छडीचा धाक गाण्यात आला की त्याचा खेळ होतो. शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला आणि शाळेत मुलांना मारण्यास मनाई झाली. त्या कायद्याखाली चालणाऱ्या शाळांच्या स्नेहसंमेलनांत हे छडीचे गाणे आजही हौसेने होते आणि पहिल्या रांगेत बसलेले मुख्याध्यापकही हसून टाळ्या वाजवतात. छडी खाल्लेली पिढी पालकांच्या खुर्च्यांवर आणि न खाल्लेली रंगमंचावर, असा हा मामला आहे.

हे चित्रपट आले तेव्हा परभणी जिल्हा हैदराबाद राज्यात होता. निजामी राजवट १९४८ साली संपली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला. शाळांतून आणि कचेऱ्यांतून उर्दूचा वावर असलेल्या या भागात मराठी चित्रपट पोचत तो बहुधा जत्रांमधल्या टुरिंग टॉकीजच्या तंबूत, आणि तोही बरीच वर्षे उलटल्यावर. गाण्यांचा रस्ता वेगळा होता. आधी तबकड्या आणि लग्नातले कर्णे, मग रेडिओ, मग कॅसेट. आकाशवाणीचे परभणी केंद्र सुरू झाल्यावर सेलू, पाथरी, जिंतूर, सोनपेठ अशा तालुक्यांतल्या घरांत मराठी गाणी जवळून ऐकू येऊ लागली. आकाशवाणीवर गाण्याआधी चित्रपट, गीतकार, संगीतकार आणि गायक यांची नावे सांगण्याची शिस्त असते. चित्रपट कधीही न पाहिलेल्या श्रोत्याला माडगूळकर आणि वसंत देसाई ही नावे पाठ असत, ती या निवेदनांमुळे.

माडगूळकरांनी बालचित्रगीतांत आणखी दोन मोठ्या गोष्टी केल्या. ‘सुखाचे सोबती’ या चित्रपटासाठी लिहिलेल्या ‘एका तळ्यात होती’ या गाण्यात त्यांनी हान्स अँडरसन या डॅनिश लेखकाची कुरूप बदकाची गोष्ट तीन-चार मिनिटांत बसवली. अँडरसनची मूळ कथा १८४३ सालची. चित्रपटात ती आशा भोसले यांच्या आवाजात येते. मुलाला ती पिलाची गोष्ट वाटते. चारचौघांत वेगळे दिसल्यामुळे दूर ठेवले जाणे म्हणजे काय, हे ज्याने सोसले आहे अशा मोठ्या माणसाला ते गाणे ऐकताना गिळावे लागते. गाण्याचा शेवट गोड आहे, तरी चाल शेवटपर्यंत हळवीच राहते. संगीतकाराने मुलांसाठी म्हणून तिला उगीच उड्या मारायला लावलेले नाही, हे विशेष.

दुसरी गोष्ट आगगाडीची. ‘तू सुखी रहा’ या १९६३ च्या चित्रपटातले मामाच्या गावाला नेणारे ‘झुक झुक’ गाडीचे गाणे त्यांचेच. परभणी जिल्ह्यात या गाण्याला घरचा संदर्भ आहे. मनमाडहून हैदराबादकडे जाणारा निजामाच्या काळातला लोहमार्ग सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा असा जातो. विसाव्या शतकात बहुतेक काळ तो मीटरगेज होता आणि त्यावर धुराची इंजिने धावत. पूर्णा जंक्शनला तर गावाचे जगणेच रेल्वेभोवती होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या गावाला खरोखर याच गाडीने जाणारे मूल गाण्यातली गाडी ओळखत असे. आताच्या मुलाने धुराचे इंजिन पाहिलेले नसते. तरीही गाणे चालते, कारण गाडीचा ठेका शब्दांतच भरलेला आहे. झुकझुक, छमछम यांसारखे नादशब्द दोन-अडीच वर्षांचे मूल सर्वांत आधी उचलते. अर्थाशी त्याची गाठ पुढे पडते.

या काळातल्या गाण्यांत एक ठळक गोष्ट दिसते. मुलांची म्हणून ओळखली जाणारी गाणी मोठ्या बायका गात होत्या. ‘नाच रे मोरा’ गाताना आशा भोसले जेमतेम विशीच्या होत्या, पण तोवर त्यांच्या गाण्याला दहा वर्षे झाली होती. ‘माझं बाळ’ या १९४३ च्या चित्रपटात त्या प्रथम गायल्या तेव्हा त्यांचे वय दहाच्या आसपास होते. मोठ्या गायिकेकडून बालगीत गाऊन घेण्यामागे व्यवहार होता. त्या काळी वादक आणि गायक एकाच वेळी स्टुडिओत उभे राहून ध्वनिमुद्रण करीत. शेवटच्या कडव्यात मूल चुकले तर सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागे आणि वाद्यवृंदाचा वेळ म्हणजे निर्मात्याचे पैसे. सरावलेली गायिका आवाज थोडा बारीक, थोडा हलका करून काम निभावून नेई. आशाबाईंनी यात केलेली करामत अशी की त्या बोबडे बोलत नाहीत. उच्चार स्वच्छ, सूर पक्का. फक्त श्वास लहान घेतात आणि शब्द उडता सोडतात. पुढे ज्या गायिकांनी लाडे लाडे गाऊन बालगीते केली त्यांची गाणी मागे पडली, ती उगीच नव्हे.

अंगाईचे मात्र वेगळे आहे. तेथे आवाज आईचाच हवा. ‘बाळा गाऊ कशी अंगाई’ या १९७७ च्या चित्रपटातले ‘निंबोणीच्या झाडामागे’ सुमन कल्याणपूर यांनी गायले. गीत मधुसूदन कालेलकरांचे, संगीत एन. दत्ता यांचे. चंद्र झोपला, पाखरे झोपली अशी मुलाची समजूत काढणारी ही अंगाई. चित्रपटातल्या आईच्या मनातली कालवाकालव सुरांत इतकी उतरली आहे की मूल झोपते आणि झोपवणारी जागी राहते. चित्रपट मागे पडून गाणे थेट पाळण्यापाशी गेले, त्याचे हे सर्वांत मोठे उदाहरण. बारशाला स्पीकरवरही ते वाजते. एवढे उदास गाणे बारशाला का, असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही.

खऱ्या मुलांचे आवाज रूढ झाले ते चित्रपटाबाहेर. मीना खडीकर यांनी संगीत दिलेल्या बालगीतांत त्यांचीच मुले योगेश आणि रचना, तसेच शमा खळे गायली. मंगेश पाडगावकरांचे ‘सांग सांग भोलानाथ’ त्यांतले. सूर थोडा इकडेतिकडे झाला तरी चालेल, पण शाळेला सुट्टी मिळेल का हे विचारणारा आवाज खरोखर शाळेत जाणाऱ्याचा हवा, हे त्या ध्वनिमुद्रिकांनी मान्य करून घेतले. पुढे कॅसेटच्या काळात चित्रपटांतली आणि बाहेरची बालगीते एकाच फितीवर शेजारी येऊन बसली. घरोघरी ती एकाच दमात ऐकली गेली. कोणते गाणे कोणत्या चित्रपटातले, ही चौकशी मुले कशाला करतील?

खऱ्या मुलांचा आवाज घेण्याचे हेच काम हिंदीत ‘मासूम’ (१९८३) या चित्रपटाने केले. गुलजार यांचे शब्द आणि राहुलदेव बर्मन यांचे संगीत असलेले ‘लकडी की काठी’ तीन मुलींनी गायले, त्यांत गौरी बापट होती. परभणीसारख्या, घरात मराठी आणि बाजारात हिंदी-उर्दू बोलणाऱ्या गावात हे गाणे परके कधीच वाटले नाही.

मुलाबरोबर मोठ्याचाही आवाज गाण्यात घ्यायचा, हा तिसरा मार्ग ‘कळत नकळत’ (१९८९) मध्ये दिसतो. रुसलेल्या भाचीची समजूत काढणारे ‘नाकावरच्या रागाला औषध काय’ हे गाणे सुधीर मोघे यांनी लिहिले, आनंद मोडक यांनी संगीतबद्ध केले आणि अशोक सराफ यांनी स्वतः गायले. सराफ काही गायक नव्हेत. नेमके त्यामुळेच घरातला मामा किंवा काका गातो आहे असे वाटते. बेसूर होण्याची भीती न बाळगता गाता येणारी गाणी पुरुषांना फार कमी मिळाली आहेत. बालगीत हा बायकांचा प्रांत, ही समजूत त्यामागे आहे. ती मोडायला या गाण्याने थोडी तरी मदत केली. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांच्या ‘दमलेल्या बाबाची कहाणी’ने हाच धागा पुढे चित्रपटाबाहेर नेला, आणि तेथे तर रडण्याची पाळी वडिलांवर आली. ‘सकाळ’मधल्या व्यंगचित्रमालिकेवरून निघालेल्या ‘चिंटू’ (२०१२) या चित्रपटाची गाणीही याच जोडीने केली.

आनंद मोडक यांचे बालचित्रपटाशी शेवटपर्यंत नाते राहिले. परेश मोकाशी यांचा ‘एलिझाबेथ एकादशी’ १४ नोव्हेंबर २०१४ रोजी, म्हणजे बालदिनी प्रदर्शित झाला. मोडक त्याच वर्षी मे महिन्यात गेले होते. पंढरपुरात कार्तिकी एकादशीच्या गर्दीत आपली सायकल विकली जाऊ नये म्हणून बांगड्यांचे दुकान मांडणाऱ्या भावंडांची ही गोष्ट. गंगाखेडहून दिंडीबरोबर जाणाऱ्या घरांना पंढरपूरची ती गर्दी, ती दुकाने, तो टाळ-मृदंगाचा घोष पाठ असतो. मोडकांना हा नाद बाहेरून आणावा लागला नाही. कथेच्या गावातच तो होता. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार विभागून मिळाला.

त्यानंतर ‘नाळ’ (२०१८) आला. दिग्दर्शक सुधाकर रेड्डी यक्कंटी, संगीत ए. व्ही. प्रफुल्लचंद्र यांचे. ‘जाऊ दे न वं’ हे त्यातले गाणे वैभव देशमुख या बुलढाण्याकडच्या कवीने लिहिले आणि जयस कुमार या मुलाने गायले. बुलढाणा हा परभणीला उत्तरेकडून लागून असलेला जिल्हा, त्यामुळे जिंतूरकडच्या माणसाला या गाण्याची बोली समजावून सांगावी लागत नाही. खेळायला सोड म्हणून आईच्या मागे लागलेले पोर गाण्यात आहे. ते शहाणे नाही, गोंडस होण्याचा प्रयत्नही करीत नाही. हट्ट करते आणि हट्टाचीच चाल गाण्याला आहे, तेच तेच पुन्हा पुन्हा म्हणत वर चढत जाणारी. चित्रपटात पुढे याच मुलाला आपली जन्मदाती आई दुसरीच आहे हे कळते. ते ठाऊक असलेला पालक गाणे दुसऱ्यांदा ऐकतो तेव्हा आईची ती परवानगी साधी राहत नाही. ग्रामीण बोलीतल्या मुलाचा खराखुरा आवाज मराठी चित्रपटगीतात इतक्या ठसठशीतपणे याआधी क्वचितच आला होता. १९५३ च्या बालगीतांची भाषा सुंदर असली तरी ती छापील होती. शेतात, गोठ्यात बोलली जाणारी नव्हती. २०२३ साली आलेल्या ‘नाळ भाग २’ने बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला.

पुरस्कार मिळतात, चित्रपटगृहे मात्र मिळत नाहीत, हे बालचित्रपटांचे जुने दुखणे आहे. मुलांचे चित्रपट करण्यासाठी आणि ते शाळांतून दाखवण्यासाठी केंद्र सरकारने १९५५ साली बालचित्रपट संस्था काढली होती. २०२२ मध्ये ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. तालुक्याच्या गावी मुलांचा चित्रपट आठवडाभर टिकणे कठीण. मोबाइल आल्यापासून गाणे चित्रपटाच्या आधी पोचण्याची जुनी गोष्ट पुन्हा खरी झाली, फरक इतकाच की आता ते दृश्यासकट पोचते. याचा एक तोटाही आहे. रेडिओ आणि टेप घरात एकच असे आणि सगळ्यांना तेच ऐकावे लागे. मोबाइल ज्याच्या हातात, गाणे त्याचे.

एकत्र ऐकण्याची हमखास जागा उरली आहे ती शाळेचे स्नेहसंमेलन, म्हणजे बोलीभाषेतले गॅदरिंग. डिसेंबर-जानेवारीत जिल्हा परिषदेच्या शाळांपासून इंग्रजी शाळांपर्यंत सगळीकडे ते होते. गाण्यांची निवड मात्र अनेकदा निराश करते. ‘सैराट’ (२०१६) या चित्रपटानंतर काही वर्षे दुसरी-तिसरीची मुलेही प्रेमगीतांवर नाचवली गेली. ठेका जबरदस्त, त्यामुळे टाळ्याही भरपूर. मुलांच्या वाट्याला मात्र मोठ्यांचे हावभाव आले. ज्या शाळांत गाण्याची जाण असलेले शिक्षक आहेत तेथे मोर, आगगाडी आणि आता ‘जाऊ दे न वं’ यांना जागा मिळते. परभणीचे कवी इंद्रजित भालेराव यांच्या गावाकडच्या कविताही चालीवर म्हटल्या जातात.

घरी किंवा शाळेत मुलांबरोबर ही गाणी म्हणायची तर पट्टी आधी ठरवावी लागते. पेटीवर बायका साधारण काळी चार-पाचच्या आसपास गातात, पुरुष काळी एक-दोनच्या. लहान मुलामुलींचा आवाज आईच्या पट्टीला सहज मिळतो. वडिलांनी त्याच पट्टीत खालच्या सप्तकात गावे म्हणजे तिघांचे जमते. बहुतेक बालगीतांची चाल सप्तकभरात आटोपते, पुष्कळदा पाच-सहा सुरांतच, आणि ठेका आठ मात्रांचा केरवा किंवा सहा मात्रांचा दादरा. केरव्यावर पावले पडतात, दादऱ्यावर डुलता येते; म्हणून नाचाची गाणी बहुधा पहिल्यात आणि झोपाळ्याची दुसऱ्यात. अडचण येते ती सातवी-आठवीच्या मुलांची. बारा-तेराव्या वर्षापासून मुलग्यांचा आवाज फुटू लागतो आणि गेल्या वर्षी सहज लागणारा वरचा षड्ज यंदा चिरकतो. मोबाइलवरचा तयार ट्रॅक मूळ पट्टीतच वाजत राहतो, त्यामुळे अशी मुले नुसती ओठ हलवतात. पेटी असेल तर शिक्षक दोन-तीन सूर खाली उतरून घेतात. ट्रॅकच वापरायचा असेल तर त्याची पट्टी उतरवून देणारी ॲप मोबाइलवर मिळतात. पण एका वेळी दोन-तीन सुरांपेक्षा जास्त उतरवले की वाद्यांचा आवाज भोंगळ होतो, तेव्हा फुटलेल्या आवाजाच्या मुलांना सरळ खालच्या सप्तकात गाऊ द्यावे.